सांडपाण्याच्या पाइपचं भोक बुजवलं तरी दर आकाडात परत गळतंय?

आमचं घर कोल्हापुरात, मंगळवार पेठेत. खाली जुना सोपा, वर नंतर चढवलेला मजला, आणि स्वयंपाकघर त्या वरच्या मजल्यावर. सिंकचं पाणी ७५ मिमीच्या पीव्हीसी पाइपातून (दुकानात याला अडीच इंची म्हणतात) भिंतीबाहेर येतं, बेंडमधून वळतं आणि बोळातून खाली चेंबरला जातं. बोळ म्हणजे आमच्या आणि शेजारच्या काकूंच्या भिंतीमधली फट. माणूस आडवा होऊन जेमतेम आत शिरतो. पाइप गळला की पाणी थेट काकूंच्या भिंतीवर. मग खालून आवाज येतो, "अरं, तुमचं खरकटं पाणी माझ्या भिंतीला किती दिस पाजणार हायस?"

सलग तीन वर्षं हे झालं. जागा तीच, बेंडच्या खाली चार बोटांवर. आणि महिनाही तोच, आकाड. तेव्हा हा योगायोग वाटला. पावसात सगळंच गळतं, त्यातलंच हे एक.

पहिल्या वर्षी मी पीव्हीसीचं सोल्युशन आणून ब्रशनं भोकावर चोपडलं. दोन दिवसांत परत थेंब. दुसऱ्या वर्षी एपॉक्सी पुट्टी, म्हणजे दोन रंगांच्या वड्या मळून एक करायच्या ती, भोकात दाबून वर गोळा थापला. ती चांगली दहा-अकरा महिने टिकली आणि पुढच्या आकाडात बुचासारखी अख्खी सुटून खाली पडली. तिसऱ्या वर्षी पुट्टी, तिच्यावर काळी टेप, तिच्यावर बाइंडिंग तार, असा बंदोबस्त केला. तोही बाहेरच्या बाजूला फुगून निघाला.

सोल्युशनचं का जमलं नाही, ते आधी सांगतो, कारण पहिल्यांदा बहुतेक जण तेच आणतात. सोल्युशन हा डिंक नाही. त्यातला द्रावक पीव्हीसीचा वरचा पापुद्रा वितळवतो आणि एकमेकांना घट्ट टेकलेले दोन पापुद्रे एकजीव करतो. ज्याला टेकायला समोर काही नाही, त्या भोकात ते भरत नाही. सुकताना त्यातला द्रावक उडून जातो, खाली राहतो तो पातळ पापड. त्याला टोचलं की गेला.

पुट्टीचा दोष कमी आणि माझा जास्त. गुळगुळीत, तेलकट पाइपवर मी ती तशीच थापली होती. शिवाय पीव्हीसी तापलं की चांगलंच लांबतं. ३ मीटर पाइपचं तापमान ३० अंशांनी वाढलं तर लांबी साधारण ६ मिमी वाढते. तेवढ्याच लोखंडाची जेमतेम १ मिमी वाढेल. भाताची पेज, कुकरचं पाणी, मग लगेच नळाचं गार पाणी, असं पाइपचं दिवसातून चार वेळा लांबणं-आखडणं चालू असतं. दगडासारखी झालेली पुट्टी त्याच्याबरोबर हलत नाही. आधी कड सुटते, मग कडेतून ओल शिरते.

पण एवढ्यानं बुचासारखी बाहेर पडत नाही. तिला आतून कुणीतरी ढकलावं लागतं.

भोकाची कड बघितली तेव्हा

मी शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करतो. जॉबची बर, म्हणजे कापलेल्या कडेला उठलेला धारदार कंगोरा, काढणं हे रोजचं. ड्रिल ज्या बाजूनं आत जातं तिथं कड स्वच्छ राहते आणि ज्या बाजूनं बाहेर पडतं तिथं बर येते, हे आमच्याकडं नव्या पोरालाही पहिल्या आठवड्यात कळतं. तिसऱ्यांदा पुट्टी निघाली तेव्हा बोळात आडवा उभा राहून, मोबाइलची बॅटरी दातात धरून मी भोकावरनं बोट फिरवलं आणि बोटाला खरचटलं. कड बाहेर वळलेली होती. फाटलेल्या पत्र्यासारखी, बाहेरच्या बाजूला.

म्हणजे भोक आतून पडलं होतं. उंदीर नाही, खिळा नाही, ऊन नाही.

घरातून व्हर्नियर आणून लावला. भोक ८.३ मिमी. मग जिन्याखाली गेलो. तिथं चोकअप काढायची आमची सळई असते, बांधकामातून उरलेली, ८ मिमीची, कातरीनं तिरकी तोडलेली, त्यामुळं टोक पाचरीसारखं. तिचं टोक मीच थोडं वाकवून ठेवलं होतं, बेंडमधून वळावी म्हणून. ती वळते खरी, पण सरळ खाली उतरत नाही. बेंडच्या खाली, पाइपच्या पलीकडच्या पोटाला, म्हणजे काकूंच्या भिंतीकडं जाऊन टेकते. आणि चोकअप निघत नाही म्हणून मी तिला वरून ठोसे देत होतो. तीन वर्षं. पाइप फोडणारा मीच, बुजवणारा मीच, आणि वैतागणाराही मीच.

आता आकाडच का, हेही उलगडलं. आकाडातल्या मंगळवार-शुक्रवारी गल्लीगल्लीतून पी-ढबाक वाजंत्रीच्या तालावर पंचगंगेचं नवं पाणी त्र्यंबोली देवीच्या टेकडीवर जातं आणि त्या आगेमागे घरोघरी मटण शिजतं. आमच्याकडं चुलते-मावश्या धरून वीस-पंचवीस माणसांच्या पंगती दोन-तीनदा तरी उठतात. तांबड्याचा कट, पांढऱ्यातलं खोबऱ्याचं दूध, आणि ती सगळी पातेली एकाच सिंकमध्ये. खोबरेल २४-२५ अंशांच्या खाली थिजतं, हिवाळ्यात बाटलीत बघतोच आपण. मटणाची चरबी तर गार होताना ४० अंशांच्या वरच घट्ट व्हायला लागते. आकाडातल्या गार हवेत पाइपच्या आत दोन्ही थिजतात. थर चढतो, पाणी तुंबतं, मी सळई काढतो.

आणखी एक गोष्ट त्याच दिवशी कळली. भोकाशेजारी पाइपची जाडी मोजली तर १.८ मिमी. सांडपाण्याच्या या पाइपांत, म्हणजे ज्यांच्यावर आयएस १३५९२ छापलेलं असतं त्यांत, दोन प्रकार येतात. टाइप ए हा पातळ, पावसाच्या पाण्यासाठी आणि हवेच्या नळीसाठी. टाइप बी जाड, मोरी-संडासाच्या पाण्यासाठी. ७५ मिमीला ए १.८ मिमीपासून सुरू होतो, बी ३.२ पासून. आमच्या स्वयंपाकघराला पावळीचा पाइप लागला होता! पाइपवर बारीक अक्षरांत प्रकार छापलेला असतो. घर बांधताना एकदा वाचून घ्या, नंतर तो बोळाच्या आत भिंतीकडं तोंड करून बसतो.

तुमचं भोक कशाचं, ते आधी ठरवा

हे सांगायचं कारण, भोक बुजवण्याची पद्धत जवळपास एकच आहे, पण भोक कशानं पडलं ते थांबवलं नाही तर बुजवणं हा वार्षिक कार्यक्रम होतो.

उंदरानं किंवा घुशीनं कुरतडलेलं भोक लांबट असतं आणि कडेला बारीक जोडीजोडीच्या खाचा दिसतात, दोन छोट्या पटाशी शेजारीशेजारी चालवल्यासारख्या. खाली प्लास्टिकचा चुरा पडलेला असतो. असं भोक बहुधा जमिनीलगत, चेंबरजवळ सापडतं. तिथं नुसता पॅच लावला तर ती शेजारी नवीन भोक पाडते. पॅचवर आणि पाइपच्या खालच्या दोन फुटांवर जस्ताचा पातळ पत्रा गुंडाळून तारेनं आवळा, आणि चेंबरचं झाकण नीट बसतं का ते बघा.

खिळ्याचं किंवा ड्रिलचं भोक गोल आणि कड आत वळलेली. बहुतेक वेळा भिंतीच्या पलीकडच्या खोलीत नुकतंच कुणीतरी शेल्फ किंवा टीव्ही लावलेला असतो. हे सगळ्यात सोपं प्रकरण. पुढचं सगळं वाचून एकदा पॅच लावा आणि विसरा.

क्लॅम्पखाली पडलेली फट ही घासून पडलेली असते. क्लॅम्प इतका आवळलेला की पाइपला लांबायला जागा नाही, किंवा इतका सैल की पाण्याच्या प्रत्येक लोंढ्याला पाइप थरथरतो. क्लॅम्पमध्ये रबराची पट्टी घाला.

गच्चीवरचा, दिवसभर उन्हात तापणारा पाइप मात्र वेगळा. हात फिरवला की तळव्याला खडूसारखी पूड लागते, आणि भोकाच्या आजूबाजूला केसासारख्या चिरा दिसतात. त्याला पॅच लावू नका. काचपेपर मारतानाच पुढं चिरतो. तेवढा तुकडा बदला आणि नव्या पाइपला रंग द्या, म्हणजे ऊन थेट लागणार नाही.

गळती नेमकी कुठं, हे शोधण्यात आमचा एक दिवस फुकट गेला होता. थेंब जिथं पडतो तिथं भोक नसतं. पाणी पाइपच्या अंगावरून ओघळत येतं आणि क्लॅम्प किंवा जोडाच्या कडेला अडून टपकतं. पाइप जुन्या फडक्यानं खडखडीत पुसा, वर्तमानपत्राच्या पट्ट्या हातभर अंतरानं गुंडाळा आणि वरून बादलीभर पाण्यात कपड्यांची नीळ घालून सोडा. जी सगळ्यात वरची पट्टी निळी होईल, तिच्या आसपास भोक. नीळ घालायचं कारण, पावसाचं पाणीही पट्टीला लागतं आणि मग कुठलं पाणी कुठलं ते कळत नाही.

एक तपासणी अजून. तुमचा पाइप पीव्हीसीचा आहे ना? सिंकखालची पन्हळी नळी, वॉशिंग मशिनची नळी, काही काळे पाइप हे बऱ्याचदा दुसऱ्या प्लास्टिकचे असतात आणि त्यांना सोल्युशन अजिबात धरत नाही. ब्लेडनं नखाएवढी सालपट काढा, वाटीत पाणी घेऊन साबणाचा एक थेंब टाका आणि सालपट बुडवून सोडा. पीव्हीसी पाण्यापेक्षा जड, तळाला जातं. पॉलिथिन किंवा पॉलिप्रोपिलिन तरंगतं. तरंगलं तर दुरुस्तीच्या नादाला लागू नका, नळी बदला. तिची किंमत सोल्युशनच्या डबीच्या आगेमागेच असते.

रात्री-बेरात्री गळायला लागलं तर

सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा उभा चिरून सपाट करायचा, भोकावर ताणून गुंडाळायचा आणि दोन होज क्लिपांनी आवळायचा. क्लिप नसेल तर ट्यूबच्याच पट्टीनं ओढून बांधा. हसू नका, हे टिकतं. सांडपाण्याच्या पाइपात प्रेशर नसतंच. खाली चोकअप होऊन भोकाच्या वर अख्खं १० फूट पाणी उभं राहिलं तरी दाब भरतो चौरस सेंटीमीटरला साधारण ३०० ग्रॅम. ८ मिमीच्या भोकाचं क्षेत्रफळ अर्धा चौरस सेंटीमीटर. म्हणजे भोकावरचा जोर दीडशे ग्रॅम, एका मोठ्या कांद्याएवढा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात सखल भागातली गटारं उलटी भरली तेव्हा असेच उभ्या पाण्याचे पाइप घरोघरी होते. जी बारीक भोकं एरवी कुणाला माहीतही नसतात, ती अशा वेळी चिळकांडी मारतात.

म्हणून ताकद हा प्रश्न नाही. चिकटणं हा प्रश्न आहे.

पॅच : पाइपचाच तुकडा, पाइपच्याच अंगावर

हे मी चौथ्या वेळी केलं आणि तेच टिकलं. पीव्हीसीला पीव्हीसी. दोन्ही एकाच मापानं लांबतात, एकाच मापानं आखडतात आणि सोल्युशननं एकजीव होतात.

दुकानातून ७५ मिमीच्या टाइप बी पाइपचे वीत-वीतभर दोन उरलेले तुकडे मागून आणले. सोल्युशन यूपीव्हीसीचं घ्या. गरम पाण्याच्या सीपीव्हीसी पाइपचं वेगळं येतं, दुकानदार गडबडीत तेच हातात देतो, डबीवर वाचा. ८० आणि १२० नंबरचा काचपेपर, एक अर्धगोल कानस, थोडं स्पिरिट, दोन होज क्लिपा, हेक्सा ब्लेड. झालं.

एका तुकड्याचा साडेचार इंच लांबीचा भाग कापला, म्हणजे भोकाच्या वर-खाली दोन-दोन इंच अंगाला बसेल. मग तो उभा चिरून गोलाईचा साधारण दोन तृतीयांश भाग ठेवला. अर्ध्यापेक्षा जास्त ठेवला की तो पाइपला बांगडीसारखा स्वतःच पकडतो, हाच त्यातला फायदा. पण इथं अडचण. पाइपच्या तुकड्याचं आतलं माप आणि पाइपचं बाहेरचं माप एक नसतं. बाहेर ७५, आत ६८-६९. जबरदस्तीनं बसवला तर फक्त दोन कडा टेकतात आणि मध्ये, नेमकी भोकावर, पोकळी राहते.

याला उपाय उकळतं पाणी. मी आईकडं मोठा टोप मागितला.

"कशाला?"

"पाइपचा तुकडा उकळायचाय."

"खायच्या टोपात गटाराचा पाइप? तुझं डोकं फिरलंय का रे?"

नवा पाइप आहे, गटार अजून बघितलंही नाही त्यानं, हे सांगून उपयोग झाला नाही. शेवटी पत्र्याच्या जुन्या डब्यात पाणी उकळलं. तुकडा दोन-तीन मिनिटं बुडवला. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडतं, त्यामुळं तो चामड्यासारखा लवचिक झाला. सांडशीनं बाहेर काढून, हातात जाड मोजे घालून, दुसऱ्या अख्ख्या तुकड्याभोवती गुंडाळला आणि वरून टॉवेलानं घट्ट आवळून धरला. मिनिटभरात गार होऊन त्यानं बरोब्बर ७५ मिमीचा घाट धरला. भिंतीवरच्या खऱ्या पाइपवर गुंडाळू नका, तो ओला असतो आणि बोळात हात भाजला तर मागं सरायला जागा नसते. स्टोव्हच्या ज्वाळेवर तर तुकडा अजिबात धरू नका. पीव्हीसी करपलं की आम्लाचा धूर निघतो, नाकातोंडाची आग होते. गरम सुरीनं भोक "डागून" बंद करणारे असतात, तिथंही तोच धूर आणि वर पाइप पातळ.

ज्यांना ही उकडहंडी नको त्यांनी ७५ चा कपलर, म्हणजे दोन पाइप जोडायचा तुकडा, आणून त्याच्या सॉकेटमधून, म्हणजे पाइप आत शिरतो त्या भागातून, तुकडा कापावा. त्याचं आतलं माप पाइपच्या बाहेरच्या मापाचंच असतं. फक्त कपलरच्या मधोमध आत एक कंगोरा असतो, पाइप थांबायला. तो पॅचमध्ये आला तर पॅच टेकणार नाही. आणि लांबी कमी मिळते.

आता पाइपची तयारी. हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळं यश यातच आहे. रात्रीची भांडी झाल्यावर सिंक बंद केलं. वरच्या आडव्या पाइपात फडक्याचा बोळा घातला, कारण सिंकखालच्या ट्रॅपमधून, म्हणजे पाणी साचून राहतं त्या वळणातून, थेंब-थेंब येतच राहतो आणि एक थेंब पुरतो. बोळ्याला सुतळी बांधून टोक बाहेर ठेवायला विसरू नका. विसरलात तर पुढच्या चोकअपचं कारण वेगळं शोधायला नको.

सकाळी पावसाला उघडीप होती. कानशीनं बाहेरची बर पाइपच्या अंगाबरोबर घासली. भोकाच्या आतल्या कडेला काही लोंबत असेल तर तेही काढा, नाहीतर केस आणि भाताची शितं तिथंच अडकतात. याच कारणासाठी भोकात स्क्रू पिळून बसवायची युक्ती मला पटत नाही. गळती थांबते, पण आत उरलेला स्क्रू खिळ्यासारखा सगळं अडवून धरतो.

मग पॅच बसेल तेवढा सगळा भाग ८० च्या काचपेपरनं आणि नंतर १२० नं घासला. किती घासायचं? चमक जाईपर्यंत. बॅटरी तिरकी धरून बघायचं, एकही चकाकणारा ठिपका दिसता कामा नये. पॅचची आतली बाजूही तशीच. स्पिरिटच्या फडक्यानं दोन वेळा पुसलं. पहिलं फडकं पिवळं निघालं, तीन वर्षांच्या फोडणीचं. दुसरं स्वच्छ.

कोरडा पॅच एकदा लावून बघितला आणि पेन्सिलीनं कडा आखून घेतल्या. मग दोन्हीकडं सोल्युशनचा पातळ, सगळीकडं सारखा हात. भोकाच्या कडेभोवती जरा सढळ, पण भोकात ओतायचं नाही. ते फार लवकर आळतं, त्यामुळं फोन बाजूला ठेवा. लगेच पॅच दाबला, किंचित इकडंतिकडं सरकवून आखणीवर आणला आणि दोन क्लिपा आवळल्या, एक वर, एक खाली. कडेनं सोल्युशनची बारीक माळ बाहेर आली पाहिजे. ती आली म्हणजे आत सगळीकडं पोचलंय. एखाद्या जागी माळ तुटलेली दिसली तर तिथं ब्रशनं भरून घ्या. बाहेर आलेली माळ पुसायच्या मोहात पडू नका.

सोल्युशनच्या वाफा पेट घेतात आणि डोकं चढवतात. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली काम असेल तर गॅस बंद, देवाजवळचा दिवाही बंद.

डबीवर काहीही लिहिलेलं असो, कोल्हापूरच्या पावसाळी हवेत मी २४ तास पाणी सोडलं नाही. उन्हाळ्यात सहा-आठ तासांनी सोडलं असतं. त्या दिवशी भांडी न्हाणीत घासली आणि घरातल्या सगळ्यांनी ते मला ऐकवलं.

पॅच कधी नको

चीर दोन-तीन इंचांच्या वर असेल, भोक बेंडच्या वळणावर असेल, किंवा सॉकेटच्या तोंडाशी असेल तर पॅच नीट टेकत नाही. तेवढा भाग कापून नवीन घाला. दोन्ही टोकं भिंतीत अडकलेली असतील तर स्लिप कपलर मागा, त्यात मधला कंगोरा नसतो. तो जुन्या पाइपवर पूर्ण सरकवायचा, नवा तुकडा मध्ये बसवायचा आणि कपलर परत जोडावर ओढायचा. लहान चिरेला पॅच लावणार असाल तर आधी चिरेच्या दोन्ही टोकांना ३ मिमीचं भोक पाडा. चीर तिथं थांबते, नाहीतर पॅचखालून पुढं पळते.

मूळ दुखणं

पॅच लावून झाल्यावर बेंड काढून त्या जागी डोअर बेंड बसवला, पाठीला झाकण असलेला. आता तुंबलं तर झाकण उघडून हातानं काढता येतं. पाइपचा उतार तपासला. आडव्या भागाला मीटरला दोन-अडीच सेंटीमीटर उतार हवा, आमचा मध्यभागी झोल पडलेला होता आणि पाणी तिथंच बसत होतं. तिथं एक क्लॅम्प वाढवला. सळईऐवजी प्लंबरची स्प्रिंग आणली. तिचं डोकं बोथट असतं आणि ती फिरवत घालायची असते, ठोसायची नसते.

चरबीवर उकळतं पाणी ओतायचा आमच्या घरचा जुना उपाय बंद केला. ज्या पाण्यात मी पॅच मऊ केला, तेच पाणी पाइपातही तेच करतं. क्लॅम्पांमध्ये पाइप खाली बसतो, झोल तिथूनच येतो. आणि वितळलेली चरबी जाते कुठं? दहा फूट खाली जाऊन चेंबरच्या तोंडाशी परत थिजते. चोकअपच्या दाणेदार पावडरीचं पण तसंच. ती पाण्यात पडली की स्वतःच भयंकर तापते, आणि चरबीच्या थरावर साचून बसली तर तिथला पाइप मऊ करते. पावडर टाकून निघालं नाही म्हणून वरून संडासाचं ॲसिड ओतणं तर महामूर्खपणा. दोन्ही एकत्र आलं की उकळून अंगावर उडतं, त्यात ब्लीच असेल तर ॲसिडनं क्लोरीन निघतो, आणि बंद मोरीत तो जीवावर बेततो.

आता आमच्याकडं मटणाची पातेली आधी शिळ्या भाकरीच्या तुकड्यानं किंवा वर्तमानपत्रानं पुसली जातात. तो भाकरीचा तुकडा गल्लीतल्या कुत्र्याला ठाऊक झालाय, पी-ढबाक वाजायला लागलं की येऊन बसतो.

गेल्या आकाडात तीन पंगती झाल्या. प्रत्येक पंगतीनंतर मी बोळात शिरून पॅचवर कोरडं वर्तमानपत्र दाबून बघितलं. पहिल्या वेळी खालच्या कडेला सुपारीएवढी ओल लागली. भोक नव्हतं ते, माळेत एक पोकळी राहिली होती. क्लिप न काढता तेवढीच जागा वाळवून, घासून दोन वेळा सोल्युशन भरलं, मध्ये एक रात्र ठेवून. त्यानंतर कागद कोरडा.

काकूंच्या भिंतीवरचा हिरवट डाग मात्र अजून आहे. रंग मी देतो म्हणून कबूल केलंय. पण भिंत आतून वाळल्याशिवाय रंग दिला तर सहा महिन्यांत फुगून सुटेल, दिवाळीनंतर ऊन खाऊ दे, मग देतो, असं त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "दिवाळी म्हणतोस आणि पुढल्या आकाडापातुर ढकलतोस, तुला मी वळखत न्हाई व्हय?"